डिस्क गेली, लायसन्स राहिलं

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा सकाळीच फोन आला. "दादा, लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. दुकानवाले म्हणतात, नवी एसएसडी टाकून विंडोज मारून देतो. ओरिजिनल हवं तर लायसन्सचे पैसे वेगळे, नाहीतर क्रॅक टाकतो. काय सांगू?"

"दोन्ही नको म्हणून सांग," मी म्हटलं. "लॅपटॉप घेतलास तेव्हाच लायसन्सचे पैसे दिलेस तू."

"अरे, पण विंडोज तर त्या डिस्कवरच होतं ना?"

प्रश्न रास्त होता. विंडोज डिस्कवरच होतं. ते वापरण्याचा हक्क मात्र डिस्कवर नव्हता. घराला आग लागली आणि कपाटातला सातबाराचा उतारा जळाला, म्हणून जमीन जात नाही. मूळ नोंद सरकारदप्तरी असते. विंडोजच्या परवान्याची नोंद कुठे ठेवायची, याचं उत्तर मात्र गेल्या पंचवीस वर्षांत बदलत गेलं आहे. ते समजलं की डिस्क बदलताना घाबरायचं कारण उरत नाही.

ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि घरगुती ग्राहकाला 'ॲक्टिव्हेशन' हा शब्द कळला. त्याआधी एकाच सीडीवरून आळीतल्या सगळ्या संगणकांवर विंडोज टाकता येई. २५ अक्षरांची तीच प्रॉडक्ट की सगळीकडे चाले. एक्सपीने कीबरोबर यंत्राची ओळखही मागितली. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, हार्ड डिस्क अशा दहा घटकांच्या खुणा आणि कीवरून काढलेला क्रमांक मिळून ५० अंकी आकडा तयार होई. इंटरनेट नसेल तर तो फोनवर वाचून दाखवावा लागे.

आपल्या यंत्राची सगळी माहिती कंपनीकडे जाते की काय, ही शंका तेव्हा अनेकांना आली. एक्सपी बाजारात येण्याआधीच, जुलै २००१ मध्ये, जर्मनीतल्या फुली लायसन्स्ड या कंपनीने ही पद्धत उलगडून प्रसिद्ध केली, आणि तिच्यातलं गणित सर्वांसमोर आलं. नेटवर्क कार्डाचा पत्ता ४८ बिटांचा असतो. त्यातून पाठवली जाणारी खूण फक्त १० बिटांची होती. अशी खूण काढण्याला 'हॅश' म्हणतात. समजा, मी तुम्हाला तुमच्या मोबाइल क्रमांकाच्या दहा अंकांची बेरीज करायला सांगितली आणि त्या बेरजेचा फक्त शेवटचा अंक विचारला. तुम्ही क्रमांक बदललात तर तो अंक बहुधा बदलेल, म्हणजे बदल माझ्या लक्षात येईल. पण त्या एका अंकावरून तुमचा क्रमांक मला कधीच शोधता येणार नाही. नेटवर्क कार्डाच्या एकेका खुणेमागे तर सुमारे २७,५०० कोटी पत्ते असू शकतात. यंत्र बदललं का, एवढं सांगायला ही खूण पुरेशी आहे. नेमकं कोणतं, हे सांगायला मुळीच नाही.

शिवाय दहापैकी काही खुणा बदलल्या तरी एक्सपी चालवून घेई. चष्मा बदलला, मिशी काढली, तरी शेजारी आपल्याला ओळखतातच, तसंच हे. बदल फार झाले, तरच ते पुन्हा ॲक्टिव्हेशन मागे.

एक्सपीची अडचण वेगळी होती. ॲक्टिव्हेशन झाल्याचा पुरावा एका लहान फाइलमध्ये राही आणि ती फाइल त्याच हार्ड डिस्कवर असे. डिस्क गेली की पुरावाही जाई. मग लॅपटॉप उलटा करून स्टिकरवरची झिजलेली अक्षरं भिंगाखाली वाचायची. 'डिस्क बदलली म्हणजे लायसन्स गेलं' ही समजूत बहुधा तेव्हाची आहे.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि की स्टिकरवरून मदरबोर्डवरच्या चिपमध्ये गेली. विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये कंपनी ती कारखान्यातच लिहून ठेवू लागली. डिस्क काढा, फेका, नवी लावा. चिपला त्याचं काहीच नसतं. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आणखी एक पाऊल पडलं. यंत्राच्या हार्डवेअरची खूण मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर परवान्याच्या नावे नोंदवली जाऊ लागली. यालाच आज डिजिटल लायसन्स म्हणतात. विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडलं की सर्व्हर खूण ताडून पाहतो आणि परवाना पुन्हा लागू करतो. या ओळखीत सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डला आहे. घराची कौलं, दारं, खिडक्या बदलल्या तरी जोतं तेच राहावं, तसा मदरबोर्ड हे संगणकाचं जोतं आहे. डिस्क ही नुसती खिडकी.

म्हणून डिस्क बदलताना सांभाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. यंत्र चालू आहे तोवर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर आपली आवृत्ती होम आहे की प्रो, ते पाहून लिहून ठेवा. होमचं लायसन्स असताना कुणी प्रो टाकलं, तर ते ॲक्टिव्हेट होणार नाही, आणि लायसन्सच नाही असा गैरसमज होईल. तिथेच आपलं मायक्रोसॉफ्ट खातं जोडून ठेवा. नवं विंडोज टाकताना की विचारली, तर 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडा. मदरबोर्डच बदलला, तर मात्र यंत्र नवं ठरतं. सुटं विकत घेतलेलं लायसन्स अशा वेळी नव्या यंत्रावर नेता येतं. लॅपटॉपबरोबर आलेलं सहसा त्या यंत्राबरोबरच संपतं.

आणि क्रॅक कधीही टाकू देऊ नका. तो चालावा म्हणून बऱ्याचदा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि मग कुणी लिहिला ते ठाऊक नसलेल्या प्रोग्रामला संगणकाचे सर्वाधिकार मिळतात. त्याच संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करतो. ज्या हक्काचे पैसे आपण आधीच दिले आहेत, त्यासाठी ही जोखीम कशाला घ्यायची?

रविवारी मी बहिणीकडे गेलो. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवून घेतलं आणि नव्या एसएसडीवर टाकलं. त्याने की विचारलीही नाही. वायफाय जोडलं, सेटिंग्ज उघडली, तर विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं होतं. बहिणीने ते दोनदा वाचून पाहिलं. मग हळूच विचारलं, "आणि फोटो?"

जुन्या डिस्कवर तिच्या मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो होते. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. लायसन्सची नोंद चिपमध्ये होती, दूरच्या सर्व्हरवर होती, म्हणून ते पाच मिनिटांत परत आलं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी बाजारात जाऊन तिच्यासाठी एक बाहेरून जोडायची डिस्क आणली, आणि फोनमध्ये उरलेले फोटो तिच्यावर उतरवून मगच जेवायला बसलो.