दुभंगलेल्या मेळ्याची अखेरची ध्वनिमुद्रिका

संगीत मंडळ्यांच्या फाटाफुटीचा इतिहास रत्नागिरीच्या रसिकाला नव्याने सांगावा लागत नाही. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळीशी फारकत घेतली. १९१८ साली दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी तोच मार्ग पत्करून बलवंत संगीत मंडळी उभारली. आणि याच मंडळीने १९३१ साली, सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, त्यांचे ‘संन्यस्त खड्ग’ वझेबुवांच्या चालींसह रंगभूमीवर आणले. या वियोगांची सनावळी आपण श्रद्धेने जतन केली. परंतु मुंबईत पुढील पिढीने विद्युत्-गिटारच्या साथीने जे मेळे उभारले, त्यांच्या उदयास्ताची नोंद आपल्या दप्तरी जवळजवळ नाही, याची खंत बाळगूनच ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या मेळ्याविषयी लिहीत आहे.

सायकेडेलिक रॉक म्हणून जे संगीत १९६५ नंतर पाश्चात्त्य जगात उसळले, त्याचा आणि मुंबईचा संबंध उभयपक्षी होता. जॉर्ज हॅरिसन याने जानेवारी १९६८ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’चा काही भाग मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केला, आणि १९७२ साली ‘लेड झेपेलिन’चे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट हेही त्याच शहरात मुंबईकर वादकांसह प्रयोग करून गेले. इकडे सिमला सिगारेटच्या पुरस्काराने भरलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धांतून १९७० व १९७१ या सालांच्या दोन संकलित ध्वनिमुद्रिका निघाल्या, आणि लोणावळ्यानजीक मळवलीला ‘स्नेहयात्रा’ हा तरुणांचा मेळावा १९७१ साली भरला.

मात्र हा उत्साह व्यासपीठावरच राहिला. ध्वनिमुद्रिका-कंपन्यांचा जमाखर्च चित्रपटगीतांवर चाले. मेळ्यांचा चरितार्थ महाविद्यालयांचे उत्सव, हॉटेले आणि नृत्यगृहे यांवर, जेथे श्रोत्यांची पहिली फर्माईश परदेशी गाण्याची असे. स्वतःची रचना करावी, तर ती ऐकणार कोण, आणि परक्याचीच गाणी गात राहावे, तर आपण आहोत तरी कोण, या पेचातच पुढील सर्व मतभेदांचे बीज होते, असे माझे मत आहे.

कीथ कांगा यांच्या नेतृत्वाखालील ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या पेचातून सुटला नाही. त्याचे गायक मधुकर चंद्र दास यांनी अ‍ॅलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये येशूची भूमिका केली, नील चट्टोपाध्याय यांची गिटार हे मेळ्याचे दुसरे बलस्थान. अशा मेळ्याची एकमेव आणि म्हणून अखेरची ध्वनिमुद्रिका ‘ऑब्सेशन ७७’. नावात सत्त्याहत्तर, परंतु बाजारात ती आली १९८१ साली. आणि मधल्या काळात ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ने जगभर, तर १९८० च्या ‘कुर्बानी’ने आपल्याकडे, डिस्कोची अशी लाट आणली की ज्या कानांसाठी ही ध्वनिमुद्रिका सिद्ध झाली होती, ते कानच पालटून गेले. तिच्यात एकीकडे रॉकचे आवेशयुक्त गायन आहे, तर दुसरीकडे नृत्यगृहाला मानवणाऱ्या, गायकाला गरजच नाही अशा वाद्यरचना. हे दोन स्वभाव एकमेकांत मिसळत नाहीत. तरी याच विसंवादामुळे ती मला प्रामाणिक वाटते, कारण त्या काळचा मुंबईचा रॉक खरोखरच असा द्विधा होता.

या बाबतीत टेक्सासमधील ऑस्टिनचा ‘थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’ हा मेळा आठवतो. त्याची १९६९ सालची ‘बुल ऑफ द वुड्स’ प्रामुख्याने गिटारवादक स्टेसी सदरलँड याने पुरी केली, कारण गायक रॉकी एरिक्सन मनोविकाराने ग्रासलेला, आणि वैचारिक सूत्रधार टॉमी हॉल यांचा सहभाग नाममात्र. तेथे प्रधान आवाजच हरपत गेला; आपल्याकडे आवाज होते, त्यांनी काय गावे याचा निर्णय नव्हता.

तो निर्णय मुंबईच्याच एका गायकाने आपल्यापुरता केला, ही गोष्ट मराठी वाचकाला विशेष मोलाची वाटावी. ‘सुपरस्टार’मध्ये येशूसमोर ज्यूडास म्हणून उभे राहिलेले नंदू भेंडे, म्हणजे नटश्रेष्ठ आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव, ‘वेल्वेट फॉग’सारख्या मेळ्यांतून इंग्रजी रॉक गात आले होते, १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून रचलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त त्यांनी तोच कंठ मराठी शब्दांना दिला. तेथे रॉक पाहुणा राहिला नाही.

‘ऑब्सेशन ७७’चे पुनर्मुद्रण मात्र २०११ साली अमेरिकेच्या ‘नाउ-अगेन रेकॉर्ड्स’ने केले. जे कार्य मुंबईत व्हावयाचे, ते परदेशस्थ संग्राहकाच्या कळकळीने तडीस गेले. तत्कालीन वादक आज वार्धक्यात आहेत. त्यांच्या हयातीतच त्यांचे कथन, करारनामे आणि घरोघरी पडलेल्या ध्वनिफिती रीतसर रुजू करून घेण्याचे काम एखाद्या विद्यापीठाने किंवा नाट्यपरिषदेसारख्या संस्थेने तातडीने अंगावर घ्यावे.