बोर्डातले साहेब आणि शिवारातली डीपी

सोयाबीन घरात आले की वाशीमचे शिवार हरभऱ्या-गव्हाकडे वळते आणि विहिरींवरच्या मोटारी एकाच वेळी सुरू होतात. मग चार शेतकरी दारात: ‘साहेब, डीपी गेली जी!’ हा निरोप ऐकत ज्यांची सारी नोकरी सरली, त्या अभियंत्यांची एक पिढी आता निवृत्त आहे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 20 जून 1960ला स्थापन झाले. 6 जून 2005ला त्याच्या कंपन्या झाल्या, वाटपाचे काम महावितरणकडे आले. लोकांच्या तोंडी मात्र ‘बोर्ड’च राहिले. हे अभियंते नोकरीला लागले तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला 1 जुलै 1998ला.

डीपी म्हणजे रोहित्र. 11,000 व्होल्ट घ्यायचे, 433 करून द्यायचे. 63 केव्हीएच्या रोहित्रावर पाच अश्वशक्तीचे दहा-अकरा पंप चालले की ते भरले. प्रत्यक्षात त्याहून जास्त जोडलेले असतात. त्यात प्रत्येक मोटारीला ऑटोस्विच. गेलेली वीज परत आली की सगळ्या मोटारी एका क्षणी उठतात, आणि थेट सुरू होणारी मोटार त्या घटकेला नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. व्होल्टेज कोसळते, गुंडाळ्या तापतात, तेल तापते. शेवटी रोहित्र जळते.

म्हणून जाणता अभियंता डीपीजवळ गेल्यावर आधी ब्रीदर, म्हणजे आत जाणारी हवा कोरडी करणारी डबी, बघायचा. त्यातले निळे सिलिका जेल गुलाबी झाले असेल तर ओल धरली. मग तेलाची पातळी, तेलाची गळती, किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खाचेत, फ्यूजच्या जागी कुणी जाड तार तर ओढली नाही ना. जाड तार दिसली की जळण्याचे कारण सापडलेच. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, हे त्यांनी पारावर बसून किती वेळा सांगितले असेल! कपॅसिटरमुळे मोटारीला लागणारा काही प्रवाह जागच्या जागी मिळतो, रोहित्राचा भार हलका होतो. पटायचे सगळ्यांना. पण शेजाऱ्याने ऑटोस्विच ठेवला तर आपणच मागे का राहायचे, हा प्रश्नही खोटा नव्हता. वीज बऱ्याचदा रात्री यायची आणि पाणी तेव्हाच द्यावे लागायचे.

कोणत्या फिडरवर कुठल्या वळणाला बाभळीची फांदी तारेला लागते, कुठला खांब काळ्या मातीत दर पावसाळ्यात कलतो, हे या साहेबांना आणि त्यांच्या लाइनमनला तोंडपाठ होते. ते कुठल्याही नकाशात उतरले नाही, हे मोठे नुकसान आहे. आता शेतीचे फिडर सौर प्रकल्पांना जोडून दिवसा वीज देण्याचे काम चालू आहे. तारा, खांब आणि डीपी मात्र बऱ्याच ठिकाणी त्याच आहेत.