झोप की गुंगी?

नागझिऱ्याच्या जंगलाभोवती राहणाऱ्यांना मण्यार साप ठाऊक आहे. रात्री निजलेल्या माणसाला मण्यार चावली तर पुष्कळदा कळतही नाही. ना सूज, ना फारशी वेदना. मग पापण्या जड होतात, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. आणि घरच्यांना वाटते, माणूस झोपला आहे! अफूच्या जातीचे पदार्थ जादा झाले म्हणजेही मरण असेच झोपेचे सोंग घेऊन येते.

या जातीत अफू येते, गर्द येते, कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलच्या गोळ्याही येतात. आपल्याला हे नवे नाही. गिरणीत कामाला जाणाऱ्या मुंबईच्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देत. १९२२ साली डॉ. बार्न्स यांनी आपल्या अहवालात ही गोष्ट सरकारपुढे मांडली होती. मूल रडत नाही, म्हणजे ते सुखी आहे असे नव्हे!

मग यात होते काय? श्वास घेण्याची आज्ञा मेंदू देतो. अफू त्या आज्ञा देणाऱ्या भागालाच सुस्त करते. माणूस श्वास घ्यायचे जणू विसरतो. म्हणून खुणा नीट पाहा. हाक मारली, चिमटा काढला, तरी जाग नाही. श्वास अगदी मंद, अडखळत, किंवा घशात घरघर. ओठ आणि नखे निळसर. डोळ्यांच्या बाहुल्या बहुधा टाचणीच्या डोक्याएवढ्या. पण त्या तशा नसल्या तरी निर्धास्त राहू नका. श्वास हीच मुख्य खूण.

या खुणा सर्वांआधी कोण ओळखतो? नशा करणाऱ्याचा सोबती. तोच त्या वेळी जवळ असतो. १९९६ साली अमेरिकेतील शिकागो शहरात नशा करणाऱ्यांच्याच हाती नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध देण्यास सुरुवात झाली. पुढे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की थोडे शिकवल्यावर ही माणसे धोका जवळजवळ तज्ज्ञांइतकाच अचूक ओळखतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ मध्ये असा सल्ला दिला, की असा प्रसंग ज्यांच्यासमोर येऊ शकतो त्यांना हे औषध मिळावे व ते वापरायला शिकवावे.

पण या मंडळींत खुळ्या समजुतीही पुष्कळ. कोणी थंड पाणी ओततो, कोणी दूध पाजतो, कोणी मिठाचे पाणी टोचतो, कोणी धरून चालवतो. यातल्या कशानेही श्वास परत येत नाही. पाजलेले मात्र श्वासनलिकेत जाते. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नका.

मग करावे काय? छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या सांध्यांनी जोराने चोळा. जाग नाही? ताबडतोब १०८ ला फोन करा. श्वास थांबत असेल तर डोके मागे कलवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने दर पाच सेकंदांनी एक श्वास द्या. छाती वर येते का ते पाहा. श्वास चालू असेल तर माणसाला कुशीवर वळवा. एकट्याला सोडू नका. आपल्याकडे नॅलोक्सोन सहसा दवाखान्यात डॉक्टर टोचून देतात. त्याचा असर तीस ते नव्वद मिनिटांत ओसरू शकतो आणि गुंगी पुन्हा येते. म्हणून उठून बसला तरी दवाखान्यातून लगेच घरी आणू नका. काय घेतले, किती घेतले, ते डॉक्टरांना खरे सांगा.

सर्वांत मोठा धोका केव्हा? तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यावर. शरीराची सवय मोडलेली असते आणि हात मात्र जुनेच माप घेतो. वर मोहाची दारू असेल तर मरण आणखी जवळ.

पिटेझरी, चोरखमारा अशा जंगलाकाठच्या गावी गाडी पोहोचायला वेळ लागतो. तोवरची मिनिटे शेजाऱ्याच्या हाती असतात. गुरुजी, मुलांना सर्पदंश शिकवाल त्याच दिवशी हेही शिकवा. माणूस वाईट की चांगला, हा विचार मागाहून करू. आधी तो श्वास घेतो आहे ना, एवढे पाहू या.