तेलावरचे आयात शुल्क आणि आपले सोयाबीन



परदेशी तेलावरचा कर वाढल्याची बातमी आली की गावात चर्चा सुरू होते, 'आता सोयाबीन वर जाणार!' मग कोणी माल घरात दाबून ठेवतो. कर उतरल्याचे कानावर आले की दुसरा कोणी घाईघाईने बाजार गाठतो. दोन्हींत नुकसान होते ते आपलेच. म्हणून हा कर काय आहे आणि आपल्या पोत्यापर्यंत त्यातले किती पोचते, ते हिशेबाने समजून घेऊ या.

आयात शुल्क म्हणजे काय?

पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे. माल आत न्यायचा तर आधी जकात भरायची. आयात शुल्काचे तसेच आहे, फक्त हा नाका देशाच्या वेशीवर, म्हणजे बंदरावर असतो. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून, तर सोयातेल अर्जेंटिना व ब्राझीलमधून. हे तेल स्वस्त पडले की आपल्याकडच्या तेल गिरण्यांना सोयाबीनला जास्त भाव देणे परवडत नाही. बाहेरचे तेल महाग झाले की आपल्या मालाला थोडा आधार मिळतो.

दर कसा बदलतो?

सीमाशुल्क कायदा १९६२ सालचा आहे. त्याखाली केंद्र सरकार अधिसूचना काढून शुल्कात सूट देऊ शकते व दिलेली सूट काढूनही घेऊ शकते. त्यामुळे दर बदलायला अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागत नाही. एका रात्रीत दर बदलतो.

शुल्काचे तीन भाग असतात : मूळ शुल्क, कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि या दोघांच्या बेरजेवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार. कच्च्या तेलावर १४ सप्टेंबर २०२४ पासून मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झाले. त्यात ५ टक्के उपकर आणि २.५ टक्के अधिभार मिळवला की एकूण २७.५ टक्के. त्याआधी हाच आकडा ५.५ टक्के होता. पुढे मे २०२५ च्या अखेरीस मूळ शुल्क १० टक्क्यांवर आणले, तेव्हा एकूण १६.५ टक्के झाले. शुद्ध केलेल्या तेलावरचे शुल्क मात्र त्या वेळी ३५.७५ टक्केच ठेवले होते, म्हणजे तेल शुद्ध करण्याचे काम आपल्याच देशात व्हावे.

आता आपल्या पोत्याचा हिशेब

समजा, कच्चे तेल बंदरावर किलोला १०० रुपये पडते. (आकडा फक्त हिशेबासाठी घेतला आहे.)

५.५ टक्के शुल्क असता तेल पडते १०५ रुपये ५० पैसे.
२७.५ टक्के असता १२७ रुपये ५० पैसे.
१६.५ टक्के असता ११६ रुपये ५० पैसे.

एक क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघते. शुल्क ५.५ वरून २७.५ झाले, तर किलोमागे २२ रुपये, म्हणजे क्विंटलमागे ३९६ रुपयांचा फरक. २७.५ वरून १६.५ झाले, तर १९८ रुपयांचा. हा जास्तीत जास्त फरक समजा. तो सगळाच्या सगळा आपल्या पदरात पडेल असे नाही.

मग २०२४ मध्ये भाव का वाढला नाही?

सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वाढले, तरी पुढच्या महिन्यांत अनेक बाजारांत सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. याचे मोठे कारण पेंडीत आहे. क्विंटलमधून तेल १८ किलो, पण पेंड ८० किलोच्या आसपास. पेंड किलोला पाच रुपयांनी उतरली, तर क्विंटलमागे ४०० रुपये गेले. शुल्कवाढीने दिलेला सारा फायदा तिथेच फिटला! त्या काळात जगात पेंड मुबलक होती. शिवाय इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा व तांदळाचा सुका चोथा कोंबडीखाद्यात पेंडीच्या जागी स्वस्तात वापरला जाऊ लागला होता.

दुसरे कारण वेळेचे. माल सोडवण्याचे कागदपत्र कस्टममध्ये ज्या दिवशी दाखल होते, साधारणपणे त्या दिवसाचा दर लागतो. आधी सोडवून टाक्यांत भरलेले तेल जुन्याच दराचे असते. ते संपेपर्यंत नव्या दराचा परिणाम पुरता दिसत नाही.

आपण काय करावे?

१. शुल्काची बातमी ऐकली की तीन गोष्टी विचारा : कोणत्या तारखेपासून, कोणत्या तेलावर, आणि एकूण किती टक्के. 'वाढले म्हणे' यावर सौदा करू नका.

२. तेलाबरोबर पेंडीचा भावही विचारत जा. दोन्ही वर असतील तरच थांबण्यात अर्थ आहे.

३. हमीभावाची सरकारी खरेदी सुरू होणार असेल तर नोंदणी वेळेत करा. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव ५,३२८ रुपये होता. सातबाऱ्यावर पिकाची नोंद, आधार व बँक पासबुक तयार ठेवा. माल चाळून घ्या आणि वाळवून ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा.

४. पैशाची नड आहे पण भाव पडला आहे, अशा वेळी बाजार समितीत शेतमाल तारण कर्ज योजना चालू आहे का, ते पाहा. पणन मंडळाच्या या योजनेत सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने मिळते.

५. सगळा माल एका दिवशी विकू नका आणि सगळा धरूनही ठेवू नका. देणी भागतील एवढा आधी विका, उरलेला दोन-तीन वेळा करून काढा.

शुल्काचा दर दिल्लीत ठरतो. तो आपल्या हातात नाही. पण मालाचा ओलावा, विकण्याची वेळ आणि कागदावरचा हिशेब या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. पुढची बातमी ऐकाल तेव्हा आधी पेन्सिल घ्या, अठराने गुणा आणि मगच गाडी जुंपा.