अबेयन्स : ना मंजूर, ना नामंजूर

अमरावतीत मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. त्यामुळे कुणाकडे इंग्रजीत सरकारी पत्र आले की ते वाचून घ्यायला माणसे माझ्याकडे येतात. एकदा अकोल्याकडच्या खेड्यातला एक जुना विद्यार्थी असाच कागद घेऊन आला. विहिरीसाठी त्याने अर्ज केला होता. पत्रात कामाची ओळ एकच : अर्ज ‘अबेयन्स’मध्ये ठेवला आहे. तो म्हणाला, ‘‘सर, माहा अर्ज मंजूर झाला का नामंजूर?’’ मी म्हटले, ‘‘दोन्ही नाही.’’

या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेत आहे. तिथे त्याचा संबंध तोंड उघडे ठेवण्याशी, म्हणजे आपल्या भाषेत आ वासून वाट पाहण्याशी आहे. इंग्रजांच्या कायद्यात तो मिळकतीसाठी आला. मालक गेला, वारस अजून ठरायचा आहे. अशा वेळी हक्क मेलेला नसतो, पण तो चालवणाराही कुणी नसतो. तो हक्क ‘अबेयन्स’मध्ये असतो.

आपल्या वऱ्हाडाने अशीच काहीशी स्थिती जवळजवळ शंभर वर्षे अनुभवली. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १९०२ साली ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने गेले. मालकी निजामाची, कारभार मात्र इंग्रजांचा. १९३६च्या करारातही निजामाचे सार्वभौमत्व मान्य झाले आणि त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. पण अकोल्या-अमरावतीचा सारा काही हैदराबादला गेला नाही. हक्क कागदावर जिवंत, व्यवहारात निजलेला! १९४८मध्ये हैदराबाद संस्थानच भारतात सामील झाले, तेव्हा हा विषय मिटला.

अगदी अलीकडे, एप्रिल २०२५मध्ये, हा शब्द घरोघरी ऐकू आला. पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने १९६०चा सिंधू पाणीवाटप करार ‘अबेयन्स’मध्ये ठेवल्याचे जाहीर केले. करार रद्द केला, असे सरकारने म्हटले नव्हते. पाकिस्तान दहशतवादाला पाठबळ देणे खात्रीलायकरीत्या सोडत नाही तोवर, अशी अट घातली होती.

मराठीत आपण याला ‘स्थगित’ किंवा ‘तहकूब’ म्हणतो. सभा तहकूब होते, ती पुन्हा भरायची असते. दुष्काळात शेतसारा तहकूब होई, तेव्हा तो पुढच्या बऱ्या सालात भरावाच लागे. सूट मिळाली तरच तो सुटे. तहकुबी आणि सूट यांतला हा फरक आपल्या आज्या-पणज्यांना चांगला ठाऊक होता. आपण मात्र ‘वसुलीला स्थगिती’ एवढे ऐकले की कर्ज माफ झाले असे समजून मोकळे होतो. २०२०च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना सवलत दिली. तिला ‘मोरेटोरियम’ म्हणत. ती ३१ ऑगस्टपर्यंत होती. हप्ते थांबले, पण व्याज थांबले नव्हते. मोरेटोरियमला बहुधा मुदत असते. अबेयन्सला पुष्कळदा ती नसते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

म्हणून असे पत्र हाती आले की तीन प्रश्न विचारावेत. कशासाठी थांबवले? कधीपर्यंत? आणि तोवर माझ्या हक्काचे, व्याजाचे, मुदतीचे काय? हे प्रश्न तोंडी न विचारता लेखी विचारावेत आणि पोच घ्यावी.

माझ्या विद्यार्थ्याने तसा अर्ज दिला. महिन्याभराने उत्तर आले : सातबारा जुना आहे, नवा जोडावा. वर्षभर ती फाईल त्या उताऱ्याची वाट पाहत होती आणि हा घरी बसून फाईलची.