सार्वजनिक बससेवेचे निर्णय आणि कामगार संघटना : बेस्टचे उदाहरण

मनोरीहून मालाड स्थानकाकडे जाणाऱ्या मनुष्यापुढे दोन मार्ग असतात. उत्तन-भाईंदरवरून लांबचा वळसा घ्यावा, अथवा फेरीबोटीने खाडी ओलांडून मार्वे येथे उतरावे आणि पुढे बेस्टची बस धरावी. ही बस केव्हा सुटावी, तिचे भाडे किती असावे, ती कोणाच्या मालकीची असावी, ह्या गोष्टी तो ठरवीत नाही. ज्या पक्षांच्या ओढाताणीतून त्या ठरतात, त्यांपैकी कामगार संघटना हा एक प्रमुख पक्ष होय. त्या पक्षाचा प्रभाव कोठून येतो व कोठे संपतो, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

बेस्ट ही मूळची खासगी कंपनी. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती मुंबई महापालिकेकडे आली आणि बससेवेचा कारभार हा नगरराजकारणाचा विषय झाला. अर्थसंकल्पास महापालिकेची मान्यता लागू लागली. नगरसेवकांचा समावेश असलेल्या बेस्ट समितीस धोरणविषयक निर्णयांचा अधिकार मिळाला. मालक निवडून येणारा असला म्हणजे कामगाराजवळ संपाखेरीज दुसरेही साधन येते, ते मताचे. म्हणूनच राजकीय पक्षांनी येथे स्वतःच्या संघटना उभारल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये बेस्ट कर्मचाऱ्यांच्या सहकारी पतपेढीची निवडणूक झाली, तेव्हा ठाकरे बंधूंच्या संयुक्त पॅनेलला २१ पैकी एकही जागा मिळाली नाही. ही निवडणूक पतपेढीची असली, तरी तिची चर्चा महापालिका निवडणुकीची पूर्वचाचणी म्हणूनच झाली.

संघटनेच्या बळाचा दुसरा आधार कायद्याचा आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमान्वये, ठरावीक प्रमाणात सभासद असलेल्या संघटनेस प्रातिनिधिक संघटनेचा दर्जा मिळतो आणि वाटाघाटीचा अधिकार तिच्याकडे जातो. बेस्टमध्ये हे स्थान बेस्ट वर्कर्स युनियनचे होते.

ह्या दोन्ही आधारांची कसोटी २०१९ साली लागली. ८ जानेवारीस सुरू झालेला संप ९ दिवस चालला. कनिष्ठ श्रेणीतील कामगारांची वेतनवाढ आणि बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करणे, ह्या प्रमुख मागण्या होत्या. महापालिकेत सत्तेवर असलेल्या शिवसेनेच्या संघटनेने संपातून लौकरच अंग काढून घेतले. सत्ताधारी पक्षाची संघटना मालकाविरुद्ध किती काळ उभी राहू शकते, हे त्यावरून दिसते. अखेर उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांची मध्यस्थ म्हणून नेमणूक केली आणि १६ जानेवारीस संप मिटला.

खरा निर्णय मात्र पुढे जूनमध्ये झाला. महापालिकेच्या अर्थसाहाय्यास गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याची अट होती व त्यास संघटनेचा विरोध होता. झालेल्या करारान्वये संघटनेने तो विरोध सोडला. मोबदल्यात स्वमालकीच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा कायम राखण्याचे आश्वासन मिळाले. ९ जुलैपासून किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले. ९ मे २०२५ रोजी ते १० रुपये झाले.

येथे ‘भाडेतत्त्व’ ह्या शब्दाकडे लक्ष देणे अवश्य आहे. भाड्याने घर घेतले तर घरमालक त्यासोबत येत नाही. परंतु येथे गाडीबरोबर तिचा चालक आणि तिची देखभालही कंत्राटदाराकडूनच येते. बेस्ट त्यास धावलेल्या किलोमीटरप्रमाणे मोबदला देते. अर्थात जे भाड्याने घेतले जाते त्यात माणसाचे श्रमही असतात, आणि शब्द मात्र केवळ वस्तूचाच बोध करून देतो. गाड्या बदलल्या म्हणजे कामगाराचा मालकही बदलतो, व त्याबरोबर संघटनेचा सभासदवर्ग आटत जातो. करारातील आकडा कागदावर राहिला, परंतु जुन्या गाड्या मोडीत निघत गेल्या, त्यांच्या जागी पुरेशा नव्या आल्या नाहीत, आणि स्वमालकीच्या गाड्या ताफ्याच्या निम्म्याहूनही कमी उरल्या.

परिणाम ऑगस्ट २०२३ मध्ये दिसला. घाटकोपर व मुलुंड आगारांतील कंत्राटी चालकांनी काम थांबविले आणि संप इतर आगारांत पसरला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली होती. निर्णय प्रशासकांच्या हाती होते. दाद मागावयास नगरसेवक उरले नव्हते, म्हणून गाऱ्हाणे थेट मुख्यमंत्र्यांकडे गेले आणि त्यांच्या आश्वासनानंतर संप मागे घेण्यात आला.

ह्यावरून असे दिसते की, संघटनेचा प्रभाव निर्णयाच्या स्थानाचा पाठलाग करतो : ते समितीत असेल तर समितीपर्यंत, मंत्रालयात असेल तर मंत्रालयापर्यंत. एखादा निर्णय लांबविणे किंवा त्याची किंमत वाढविणे तिला साधते. परंतु नव्या गाड्या विकत घेण्यास लागणारा पैसा तिच्या हाती नसल्यामुळे, मिळालेल्या वचनाचे पालन करवून घेणे तिला साधत नाही. वेतनाचा प्रश्न मिटला म्हणजे संप मिटतो. गाड्यांचा प्रश्न मात्र तसाच राहतो. आणि गाड्या कमी झाल्या म्हणजे त्याचा भार ज्याच्यावर पडतो, तो मार्व्याच्या थांब्यावर उभा असलेला प्रवासी कोणत्याही करारात पक्षकार नसतो. सार्वजनिक वाहतुकीच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्याने ह्या तिसऱ्या पक्षाची अनुपस्थितीही नोंदली पाहिजे.