व्हॉल्व्हची जवारी

खटका दाबल्यावर लगेच आवाज येत नाही. आधी पॅनेलवरचा दिवा लागतो. मग मागच्या बाजूने पाहिलं तर काचेच्या नळ्यांच्या पोटात नारिंगी उजेड धरू लागतो, तापलेल्या धुळीचा वास येतो, आणि मग कुठे स्पीकरमधून बारीक घरघर ऐकू येते. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना हे थांबणं आठवत असेल. माझ्याकडचा ‘व्हॉक्स एसी-३०’ हा गिटारचा अ‍ॅम्प त्याच पिढीतला, साठच्या दशकातला. रेडिओशी त्याचं नातं तर रक्ताचंच म्हणायला हवं. त्याच्या शेवटच्या टप्प्यात चार ‘ईएल८४’ व्हॉल्व्ह आहेत, आणि त्या काळच्या कितीतरी रेडिओंमध्ये स्पीकर हलवण्याचं काम हाच व्हॉल्व्ह एकट्याने करत असे.

इंग्लंडमध्ये केंट परगण्यातलं डार्टफर्ड हे त्याचं गाव. तिथल्या टॉम जेनिंग्ज यांच्या कंपनीसाठी डिक डेनी यांनी रचलेला १५ वॅटचा ‘एसी-१५’ १९५८ मध्ये आला. रॉक अँड रोलच्या गर्दीपुढे तो अपुरा पडू लागला तेव्हा त्याच्या दुप्पट ताकदीचा एसी-३० निघाला. ‘शॅडोज’ आणि ‘बीटल्स’ यांनी तो वाजवला. पुढे ‘क्वीन’च्या ब्रायन मे यांनी तर आयुष्यभर त्याची साथ सोडली नाही. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या गाण्यामागे जी गिटार ऐकू येते, ती अशाच अ‍ॅम्पमधून आलेली.

आत घडतं काय? गिटारच्या पिकअपमधून येणारा विद्युतदाब साधारण एका व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. व्हॉल्व्हमधली हवा काढून घेतलेली असते. तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, तीनशेच्या घरात व्होल्ट असलेली प्लेट त्यांना ओढून घेते, आणि दोघांच्या मधे ग्रिड नावाची बारीक तारेची जाळी असते. ही जाळी घालण्याची कल्पना १९०६ मधली, ली डी फॉरेस्ट यांची. कालव्यावरच्या दारासारखं तिचं काम: दार हलवायला हाताचा जोर पुरतो, वाहतं ते धरणाचं पाणी.

आता तार जोरात छेडा. दार पूर्ण उघडलं तरी त्याहून जास्त पाणी येणार नाही, पूर्ण मिटलं तर थेंबही नाही. लहरीची टोकं दबतात. रेडिओच्या इंजिनिअरसाठी हा दोष होता. त्याने तो टाळण्यासाठी जिवाचं रान केलं. पण दबलेल्या लहरीत मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनं मिसळतात. दुप्पट म्हणजे तार षड्ज, तिप्पट म्हणजे त्याच्यावरचा पंचम. व्हॉल्व्हमध्ये हे दबणं हळूहळू सुरू होतं, म्हणून बोटाचा जोर वाढेल तसे हे स्वर एकेक करून जागे होतात. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतो, तेव्हा स्वर असाच खुलतो. कारण वेगळं असलं, तरी कानाला मिळणारं सुख एकाच जातीचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

फेरफार या अ‍ॅम्पला नवे नाहीत. आवाजाला धार कमी आहे अशी वादकांची तक्रार आली, तेव्हा कंपनीने एक जादा व्हॉल्व्ह आणि दोन बटणं असलेलं ‘टॉप बूस्ट’ नावाचं सर्किट काढलं. आधी ते अ‍ॅम्पच्या मागच्या पॅनेलवर वेगळं बसवलं जाई. पुढे ते मूळ रचनेतच आलं, आणि आज लोक ज्याला व्हॉक्सचा आवाज म्हणतात तो बराचसा त्याचाच.

मी केलेला बदल त्यापेक्षा साधा. पहिल्या टप्प्यातला ‘ईसीसी८३’ सॉकेटमधून काढून तिथे ‘ईसीसी८१’ बसवला. पहिल्याचा वर्धनांक १००, दुसऱ्याचा ६०. आवाज उशिरा फाटतो, बोटांना जास्त वाव मिळतो. सोल्डरिंग गन हातातही घ्यावी लागली नाही. फ्लॅटमध्ये वाजवायचं तर ताकद अर्धी करा, असं पुष्कळ जण सुचवतात. पण ३० वॅटचे १५ केले तरी फरक पडतो तो फक्त ३ डेसिबलचा. शेजाऱ्यांना तो जाणवणारही नाही. नवं व्हॉल्यूम बटण बसवायला पॅनेलला भोक पाडावं लागलं असतं. ते मी करणार नाही. पाडलेलं भोक बुजवता येत नाही.

एका संध्याकाळी मात्र चारपैकी एका ईएल८४ची राखाडी प्लेट शेगडीच्या कॉइलसारखी लाल होऊ लागली. नारिंगी तार हे चांगलं लक्षण, लाल प्लेट हे वाईट. तत्काळ बंद केला. दोन टप्प्यांमधला जुना कंडेन्सर गळका झाला होता. त्याने फक्त सूर पुढे जाऊ द्यायचा आणि आधीच्या टप्प्याचा मोठा विद्युतदाब अडवायचा, पण तो दाबही झिरपून ग्रिडवर पोचत होता आणि दार उघडंच अडकलं होतं. एसी-३० मध्ये हे व्हॉल्व्ह एरवीही सोसण्याच्या हद्दीवर चालतात. आणखी थोडा वेळ गेला असता तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळाला असता, आणि मूळचा तसा पुन्हा मिळत नाही.

प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतका विद्युतदाब उरू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवायचा, मल्टिमीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबायचं, आणि डावा हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे चुकून शॉक बसलाच तर प्रवाह छातीतून आरपार जाणार नाही. हे ज्याला कुणी शेजारी उभं राहून शिकवलेलं नाही, त्याने कृपा करून मागचं झाकण उघडू नये.

नवा कंडेन्सर जागेवर बसला. जुना मी फेकला नाही. काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालून, वर पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहून, कॅबिनेटच्या आतल्या लाकडाला चिकटवलेला आहे. आतापर्यंत पाकिटं सात झाली आहेत.